पत्र्यांचं राहू द्या, आधी मामांचं बघा

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

डॉक्टर, आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. घरावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत. यंदाच्या वळवात फांदी पडून चार पत्रे फुटले. मिस्टर म्हणतात, आता सगळेच उतरवू, पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकू आणि धड राहिलेले पत्रे कापून गोठ्यावर घालू. दीर फॅब्रिकेशनचं काम करतात, ग्राइंडर घरचाच आहे. फुटके तुकडे गोठ्यासमोरच्या चिखलात भराव म्हणून टाकायचं ठरलंय. पण मोबाईलवर व्हिडिओ आला, की या पत्र्यांत ॲसबेस्टॉस असतं आणि त्यानं कॅन्सर होतो. माझी मुलं सहा आणि तीन वर्षांची, याच पत्र्याखाली झोपतात. तेव्हापासून माझी झोप उडालीय. शेजारचे म्हणतात, आमच्या दोन पिढ्या याखाली गेल्या, कुणाला काही झालं नाही. मुलांचा एक्स-रे काढू का? पागोळीचं पाणी हौदात धरतो, ते चालतं का? की घरच सोडायचं? सासऱ्यांना विचारून उपयोग नाही. ते साखर कारखान्यात बॉयलरच्या पाईपांना लॅगिंग करायचे. म्हणतात, "आम्ही ते हातानं कालवलंय, काही होत नाही." पण त्यांचीच तब्येत बरी नसते. मागच्या वर्षी छातीत पाणी झालं, सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, तरी दम लागतोच. बिडी कमी केलीय.

उत्तर:

ताई, पत्र्यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि मामांबद्दल (आपल्या भागात सुना सासऱ्यांना मामाच म्हणतात, तेव्हा मीही तसंच लिहितो) शेवटी, जाता जाता चार ओळी. मला झोप लागू नये अशा त्या चार ओळी आहेत. पत्रे आज उतरले काय आणि पुढच्या उन्हाळ्यात उतरले काय, फारसं बिघडत नाही. मामांना मात्र याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे न्या. आणि नेल्यावर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता पहिलं वाक्य हे सांगा: "यांनी अमुक साल ते तमुक साल बॉयलरवर ॲसबेस्टॉसच्या लॅगिंगचं काम केलंय."

मामांचं ते "कालवणं" म्हणजे काय, हे तुमच्या मिस्टरांनाही कदाचित ठाऊक नसेल. बॉयलरची वाफ टर्बाइनकडे आणि पुढे कारखानाभर नेणारे पाईप इतके तापतात, की उघडे ठेवले तर उष्णता वाया जाते आणि हात लागला तर कातडं निघतं. म्हणून त्यांच्यावर जाड वेष्टण चढवायचं. आता त्यासाठी काचेची किंवा दगडाची लोकर वापरतात. मामांच्या उमेदीच्या काळात ॲसबेस्टॉस होतं. पोत्यातली कोरडी पूड घमेल्यात ओतायची, पाणी घालून लगदा करायचा, तो पाईपवर थापायचा, वर दोरी नाहीतर कापड गुंडाळायचं. लगदा ओला असतो, थापताना धूळ फार उडत नाही. उडते ती पोतं झटकताना. आणि सगळ्यात जास्त उडते ऑफ सीझनला. गळीत हंगाम संपला, ओव्हरहॉलिंग सुरू झालं, की वर्षानुवर्षं तापून ठिसूळ झालेलं जुनं लॅगिंग छिन्नी-हातोडीनं फोडून काढायचं. बॉयलर हाऊसच्या कोंदट हवेत ते काम आठ-आठ तास. मामांना नीट बसवून विचारा: जुनं लॅगिंग फोडायला तुम्ही होता का, किती हंगाम, तोंडाला काय बांधायचात. "टॉवेल" असं उत्तर आलं तर समजा, काहीच बांधलेलं नव्हतं.

ॲसबेस्टॉस हे जमिनीतून निघणारं खनिज. ते कुटलं की त्याचे तंतू होतात, तंतू चिरले की आणखी बारीक तंतू होतात. फुफ्फुसाला घातक ठरणारे तंतू पाच मायक्रॉनपेक्षा लांब आणि तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज घ्या. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांनी डोळे चुरचुरत नाहीत, आणि वारा नसला तरी ते तासन् तास तरंगतात. ज्वारीच्या रानात कपड्यात शिरलेलं कुसळ जसं पुढेच सरकतं, मागे येत नाही, तसे हे श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकाच्या फुग्यांपर्यंत जातात. तिथं बाहेरची घाण गिळून टाकणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या घासात हा लांब तंतू मावत नाही. त्या मरतात, दाह सुरू होतो, जागा भरून काढायला शरीर तिथं राठ व्रण तयार करतं, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

या व्रणांनी फुफ्फुस आक्रसतं, ताठ होतं. त्या आजाराला ॲसबेस्टोसिस म्हणतात. चालताना, जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो. पुष्कळ वर्षं, पुष्कळ धूळ खाल्लेल्यांना तो होतो. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या नेली केरशॉ या गिरणी कामगार बाईचा १९२४ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्यांच्या फुफ्फुसात हे तंतू सापडले आणि वैद्यकाच्या पुस्तकात हा आजार आला. म्हणजे मामा कारखान्यात लागले तेव्हा या गोष्टीला पन्नासएक वर्षं होऊन गेली होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

दुसरा धोका फुफ्फुसाच्या कॅन्सरचा. इथं मामांची बिडी येते. ॲसबेस्टॉसचा धोका आणि धुराचा धोका यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना कितीतरी पटींनी वाढवतात. त्यामुळे "कमी केलीय" हे पुरेसं नाही. बहात्तरीला काय सोडायचं, असं ते म्हणतील. पण आज बिडी बंद केली तरी फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका हळूहळू उतरायला लागतो. त्यांच्या आजारात आपल्या हातात असलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

तिसरा आजार मेसोथेलिओमा. फुफ्फुसाभोवती प्लुरा नावाचं पातळ अस्तर असतं, त्याचा हा कॅन्सर. एरवी तो फार दुर्मीळ, आणि बहुतेक रुग्णांच्या मागे कुठं ना कुठं ॲसबेस्टॉस सापडतंच. बिडीशी याचा संबंध नाही. तो दिसायला तीस-चाळीस वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणूनच "आम्ही कालवलंय, काही होत नाही" हे मामांचं वाक्य नोकरीत असताना खरं वाटतं आणि निवृत्तीनंतर खोटं ठरू शकतं. याशिवाय स्वरयंत्राच्या आणि बायकांमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरशीही ॲसबेस्टॉसचा संबंध सिद्ध झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं ॲसबेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांना, पत्र्यात असतं त्या पांढऱ्यासकट, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

आता मामांच्या छातीतल्या पाण्याकडे येऊ. अस्तराला इजा झाली की तिथं पाणी साठतं. ते टीबीनं होतं, ॲसबेस्टॉसनं कॅन्सर नसतानाही होतं, मेसोथेलिओमानं होतं, हृदय कमजोर असेल तरी होतं. ज्यांनी टीबीचं औषध दिलं त्यांना मी नावं ठेवणार नाही. आपल्या भागात छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीच आठवावा लागतो, आणि अस्तराच्या टीबीत पाण्यात जंतू बऱ्याचदा सापडतही नाहीत, त्यामुळे इतर खुणांवरून औषध सुरू करावं लागतं. मामांना खरोखर टीबी असेल आणि तो बराही झाला असेल. पण कोर्स पूर्ण होऊनही दम जात नसेल तर नव्यानं बघायला हवं, आणि ज्याच्या मागे लॅगिंगची नोकरी आहे त्याचं तर हवंच हवं. माझ्या अनुभवात ओपीडीच्या कागदावर "व्यवसाय" या रकान्यात बहुतेकदा "शेती" किंवा "निवृत्त" लिहिलेलं असतं. त्यानं काहीच कळत नाही.

जाताना जुने सगळे कागद न्या: पाणी काढलं तेव्हाचा रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म (घडी घालू नका), टीबीच्या औषधांचं कार्ड. नोकरीची टिपणं एका कागदावर, सालं घालून. सांगली आणि मिरजेच्या सरकारी रुग्णालयांत छातीचा विभाग आहे. खाजगीतच जायचं असेल तर नुसता फिजिशियन नको, छातीरोगतज्ज्ञ बघा. ते छातीचा नवा एक्स-रे काढतील, आणि मामांच्या बाबतीत एचआरसीटी म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅनही सांगतील, कारण सुरुवातीचे व्रण साध्या एक्स-रेत सुटू शकतात. नळीत फुंकायची तपासणी होईल. चालवून ऑक्सिजन किती उतरतो ते बघतील. या वयात दम लागायचं कारण हृदयातही असू शकतं, म्हणून ईसीजी आणि टू-डी इको सांगितला तर "आम्ही छातीसाठी आलोय" म्हणून नाकारू नका. पाणी पुन्हा भरलेलं असेल तर नुसतं काढून सोडू नये, ते पेशींच्या तपासणीला पाठवावं. डॉक्टरांनी अस्तराचा तुकडा काढायचं सुचवलं तर घाबरून परत येऊ नका. मेसोथेलिओमा आहे की नाही हे पुष्कळदा तुकड्याशिवाय ठरत नाही.

रिपोर्टमध्ये "प्लुरल प्लाक" असे शब्द दिसले तर लगेच रडारड नको. अस्तरावर पडलेले ते कडक चट्टे असतात. त्यांचा कॅन्सर होत नाही. या माणसानं ॲसबेस्टॉस खाल्लंय, याची ती शरीरानं करून ठेवलेली नोंद. घरच्या घरी एक गोष्ट बघता येईल. मामांना दोन्ही तर्जन्यांची नखं पाठीला पाठ लावून धरायला सांगा. निरोगी माणसाच्या नखांच्या मुळाशी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची बारीक फट दिसते. ती बुजली असेल तर नखं फुगलीयत, आणि ते डॉक्टरांना आवर्जून दाखवा. फट दिसली म्हणून जायचं मात्र टाळू नका.

ॲसबेस्टोसिस निघालाच तर तो पुसून टाकणारं औषध नाही. पण करण्यासारखं बरंच असतं: फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे व्यायाम, गरज पडली तर घरी ऑक्सिजन, आणि पुढचा प्रत्येक खोकला-ताप वेळेवर दाखवणं. दम लागतो म्हणून माणूस हलायचं सोडतो, हलला नाही की पाय आणखी कमजोर होतात आणि दम आणखी लागतो. मामांना रोज सकाळी देवळापर्यंत, थांबत थांबत का होईना, चालवा.

भरपाईबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. ॲसबेस्टोसिस, तसंच ॲसबेस्टॉसमुळे झालेला फुफ्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे आपल्या कायद्यानं व्यवसायजन्य आजार मानलेत. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या यादीत ते आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ॲसबेस्टॉस उद्योगांना आदेश दिला, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे उशिरा असेल तोवर ठेवायची. तो आदेश ॲसबेस्टॉस बनवणाऱ्या-वापरणाऱ्या कारखान्यांबद्दल होता, साखर कारखान्याच्या लॅगिंगवाल्याला तो कितपत लागू होईल हे वकीलच सांगेल. मामा कंत्राटदाराकडे होते की कायम, यावरही बरंच ठरेल. निदान पक्कं झालं तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथं पात्र माणसाला वकील मोफत मिळतो. पीएफचे कागद, हजेरी कार्ड, जुना पगाराचा कागद, बरोबर काम केलेल्या दोघातिघांची नावं, हे आतापासून जमवायला लागा. बरोबरच्या त्या माणसांनाही दम लागतो का, हे विचारायला मामांना सांगा. लागत असेल तर तेही तपासून घेतील.

आणि आत्या? तुमच्या सासूबाईंबद्दल पत्रात अक्षरही नाही. मामांचे कामाचे कपडे कोण धुवायचं? ते धुण्याआधी अंगणात झटकले जायचे का? दक्षिण आफ्रिकेत १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतले काही ॲसबेस्टॉसच्या खाणीत कधी कामाला नव्हते, नुसते खाणीच्या आसपास राहत होते. पाच वर्षांनी लंडनमधल्या अभ्यासात घरातल्या कामगाराच्या कपड्यांवरून आजार झालेल्या बायका सापडल्या. आत्यांना काही त्रास असेलच असं मुळीच नाही, पण मामांच्या बरोबर त्यांचाही एक एक्स-रे काढून घ्या आणि कपड्यांचं डॉक्टरांना सांगा.

आता तुमचे पत्रे.

सिमेंटच्या पत्र्यात ढोबळमानानं दहावा हिस्सा पांढरं ॲसबेस्टॉस असतं, बाकी सिमेंट वगैरे. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. अख्खा, न हलवलेला पत्रा डोक्यावर असला म्हणून खाली झोपलेल्या मुलांच्या छातीत तंतूंचा पाऊस पडत नाही. पाव शतकाच्या उन्हापावसानं वरचं सिमेंट झिजतं, थोडे तंतू सुटतात, ते बरेचसे पावसाबरोबर पन्हाळीत जातात. ॲसबेस्टॉसची सुरक्षित मात्रा अमुक, असं कुणी सांगू शकत नाही, हे खरं. पण मामांनी बॉयलर हाऊसमध्ये जे खाल्लं आणि मुलं पत्र्याखाली जे खातात, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हिडिओवाल्यानं दोन्ही एकाच तागडीत घातलं. तेव्हा घर सोडू नका. शेजाऱ्यांचं म्हणणं पत्र्याखाली झोपण्यापुरतं बरंचसं बरोबर आहे. ते ग्राइंडरला लागू करू नका.

कारण तुमच्या घरातला खरा धोका तुमच्या मिस्टरांच्या बेतात आहे. ग्राइंडरचं पातं पत्र्याला लागलं, की सिमेंटमध्ये आयुष्यभर अडकून बसले असते ते तंतू दोन मिनिटांत मोकळे होतात आणि अंगणात, वैरणीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, दिरांच्या नाकातोंडात जातात. जो पत्रा तीस वर्षं गपगुमान होता त्याची तुम्ही एका दुपारीत धूळ करणार. ग्राइंडर नको, करवतही नको, ड्रिलनं नवी भोकंही नकोत. तारेच्या ब्रशनं शेवाळ घासणं नको. दिवाळीत आतल्या बाजूची जळमटं कोरड्या केरसुणीनं झाडू नका, काठीला ओलं फडकं बांधून पुसा.

यंदा पैसे नसतील तर फुटलेले चारच पत्रे बदला, बाकीचे राहू द्या. स्लॅबसाठी सगळे उतरवायचेच असतील तर ज्या दिवशी वारा पडलेला आहे असा दिवस बघा. मुलांना माहेरी पाठवा. जनावरं लांब बांधा, वैरण आणि हौद ताडपत्रीनं झाका, दारं-खिडक्या लावा. पाठीवरच्या फवारणी पंपात साधं पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घालून पत्रे वरून-खालून भिजवत राहा. पंपात आधी तणनाशक होतं का ते बघा, असेल तर तीनदा धुवा. जे-हुक गंजलेले असणार, नट फिरणार नाही. तेल सोडून ठेवा, नाहीतर हुक बोल्ट कटरनं कापा, पत्रा फोडून मोकळा करू नका. पत्रा अख्खा, दोघांनी धरून खाली द्यायचा, फेकायचा नाही. नाकाला उपरणं, टॉवेल, करोनातला निळा मास्क यांतलं काही चालणार नाही. एफएफपी-थ्री दर्जाचा मास्क किंवा पी-थ्री फिल्टरचा रबरी अर्धा मास्क मागा, सुरक्षा साहित्याच्या दुकानात मिळतो. दाढी असेल तर तो चेहऱ्याला चिकटत नाही, आणि चिकटला नाही तर घातल्यासारखा नाही. काम झाल्यावर कपडे न झटकता ओले करून वेगळे धुवायचे, आणि आंघोळ करूनच घरात यायचं. खाली पडलेला चुरा झाडूनं लोटू नका, भिजवून गोळा करा, जमीन ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं त्याच पिशवीत टाका.

पत्र्यावर पाय देऊन चढू नका, हे मी तंतूंइतक्याच गांभीर्यानं सांगतोय. जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनानं एकदम फुटतो, कडकड वाजून इशारा देत नाही. कॅन्सर व्हायचा तर तीस वर्षांनी होईल, वरून खाली पडलेला माणूस त्याच दुपारी सिव्हिलला जातो. शक्य तेवढं काम खालून शिडीवरून करा. वर जायलाच लागलं तर कैची-अँगलवर टेकलेली जाड फळी टाका आणि वजन फळीवरच ठेवा.

धड निघालेले पत्रे गोठ्यावर घालायचे का? मी नको म्हणेन. गोठ्याच्या मापात बसवायला ते कापावे लागणार, जुन्या भोकांशी हुक जुळणार नाहीत म्हणून नवी पाडावी लागणार, आणि ठिसूळ पत्रा दुसऱ्यांदा बसवताना फुटतोच. गोठ्याला कलर कोटेड लोखंडी पत्रा घाला. तो उन्हात तापतो हे खरं, पण वर चुन्याचा पांढरा हात दिला, नाहीतर उन्हाळ्यात उसाचं पाचट पसरलं, तर जनावरांना पुष्कळ आराम पडतो.

चिखलात तुकडे टाकण्याचा बेत तर आजच मोडा. त्यावरून बैलगाडी जाणार, ट्रॅक्टर जाणार, गुरं जाणार. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात त्याचाच फुफाटा, आणि त्यात तुमची मुलं खेळणार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आपल्या नदीकाठच्या गावांत पडक्या घरांचा राडारोडा असाच रस्त्यांच्या खड्ड्यांत गेला. पत्र्याचे तुकडे त्यात होते की नव्हते, कुणी बघितलंही नाही. तुमचे तुकडे ओले करून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, ती दुसऱ्या पिशवीत घाला, तोंड बांधा, वर रंगानं "ॲसबेस्टॉस, फोडू नये" असं लिहा. अख्खे पत्रे एकावर एक रचून मेणकापडात गुंडाळा. मग ग्रामपंचायतीला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगलीच्या कार्यालयाला लेखी विचारा, की हा माल कुठं द्यायचा. गावपातळीवर याची धड सोय नाही, त्यामुळे उत्तराला वेळ लागेल, लागू द्या. गुंडाळून एका कोपऱ्यात पडलेले पत्रे कुणाचं वाईट करत नाहीत. भंगारवाल्याला मात्र देऊ नका, तो ते कुठंतरी फोडणारच.

इतकं वाईट असेल तर सरकार विकू कसं देतं, असं मिस्टर विचारतील. आपल्याकडे ॲसबेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं १९८६ मध्ये थांबलं, पण बाहेरून ते आयात होतं आणि पत्रे कायदेशीरच विकले जातात. ब्रिटननं १९९९ मध्ये, ऑस्ट्रेलियानं २००३ अखेर ते बंद केलं. साठाहून अधिक देशांत आज बंदी आहे. आपल्याकडे का नाही, याचं उत्तर स्वस्त छपरात आहे, आणि ज्याला दुसरं छप्पर परवडत नाही त्याला मी दोष देणार नाही. पण तुम्ही नवीन घेताच आहात, तर दुकानदाराला "ॲसबेस्टॉस नसलेला" असं स्पष्ट विचारून घ्या. तंतूंचाच पण ॲसबेस्टॉस नसलेला सिमेंटचा पत्राही मिळतो.

दिरांना हे सगळं त्यांच्या धंद्यापुरतं वेगळं सांगा. फॅब्रिकेशनवाल्याला जुनी शेड काढायची कामं येतच असतात, आणि घरच्या एका दुपारपेक्षा रोजच्या धंद्यातली धूळ त्यांना जास्त महागात पडेल. गॅरेजमध्ये कुणी मित्र असेल तर त्यालाही सांगा, की जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असतं, ड्रम उघडल्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नको, ओल्या फडक्यानं पुस.

पागोळीचं पाणी जनावरांना, धुण्याला, झाडांना खुशाल वापरा. ॲसबेस्टॉस पोटात जाऊन अपाय होतो असा ठाम पुरावा नाही, त्याचं वैर श्वासाशी आहे. प्यायला मात्र ते घेऊ नका. त्याचं कारण वेगळं: पत्र्यावर पक्षी, माकडं, मांजरं सगळ्यांचा वावर असतो. हौदाच्या तळाचा गाळ ओला असतानाच काढा, वाळवून खरवडू नका.

मुलांचे एक्स-रे काढू नका. आज त्यांच्या छातीत दिसण्यासारखं काहीही नसणार. चांगला रिपोर्ट आला म्हणून पुढचं काही कळणार नाही, आणि लहान जिवाला विनाकारण किरण कशाला? खोकला, ताप, वजन न वाढणं असं काही असेल तर त्यासाठी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, पत्र्यांसाठी नको. ते पैसे मामांच्या सीटी स्कॅनला लावा.